ऊन पाण्याची सोय कशी निवडावी?

वाचकहो, मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे आपल्या हिंगोली, सेनगाव, औंढ्याकडे थंडी चांगलीच झोंबते. अशा वेळी ऊन पाण्याची एक बादली मिळाली की जीव सुखावतो. घरात बाळंतीण असेल, तान्हं मूल असेल, सांधे धरलेली म्हातारी माणसं असतील, तर ऊन पाणी ही चैन नव्हे. ती घराची गरज आहे.

आजवर ही गरज चुलाण्याने भागवली. घरामागे तीन दगड, वर हंडा आणि खाली पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या. ज्यांची ऐपत होती त्यांच्या न्हाणीजवळ तांब्याचा बंब असे. बंबाच्या पोटातून मधोमध एक नळी गेलेली असते. जाळ त्या नळीतून वर जातो आणि भोवतीचं पाणी तापतं. सरपण थोडं लागतं आणि पाणी लवकर तापतं. आपल्या जुन्या कारागिरांची ही मोठी हुशारी होती. पण चुलाणं काय नि बंब काय, धूर बाईच्याच डोळ्यांत जातो. सरपणाचा भाराही तिच्याच डोक्यावर येतो.

आता बाजारात विजेचा रॉड मिळतो, गिझर मिळतो, गॅसचा गिझर मिळतो, उन्हावरचा सोलरही मिळतो. दुकानदार प्रत्येक वस्तूला 'एक नंबर' म्हणतो. मग घ्यावं काय? आणि बसवून घ्यावं कोणाकडून? या धड्यात आपण हेच पाहू.

आमचे एक सांगणे आधीच ध्यानात ठेवा. खरी माहिती दुकानदाराच्या तोंडात नसते. ती वस्तूवरच्या पट्टीवर, बिलावर आणि हमीपत्रावर छापलेली असते. तुम्ही वाचायला शिकला आहात. वाचणाऱ्या माणसाला फसवणे अवघड जाते.

१. आधी गरज मोजा

वस्तू पाहायला जाण्याआधी घरी बसून हिशेब करा. घरात माणसं किती? ऊन पाण्याने रोज कितीजण आंघोळ करतात? वर्षातून किती महिने?

आपल्या भागात उन्हाळ्यात छपरावरच्या टाकीतलं पाणी आपोआपच तापतं. ऊन पाण्याची खरी गरज पावसाळ्याचे काही दिवस आणि हिवाळ्याचे तीन-चार महिने. ज्या घरी दोनच माणसं आहेत, त्यांनी मोठ्या यंत्रात पैसा गुंतवू नये. ज्या घरी आठ-दहा माणसं आहेत, त्यांना रॉड पुरणार नाही.

एक हिशेब पाहा. एक बादली म्हणजे साधारण २० लिटर पाणी. गार पाणी २० अंशांवरून आंघोळीपुरतं, म्हणजे ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या, म्हणजे रोज अडीच युनिट. महिन्याचे झाले ७५ युनिट. आता महावितरणचं बिल हातात घ्या आणि एका युनिटचा दर वाचा. युनिट वाढले की दर वरच्या टप्प्यात जातो, हेही त्यावर लिहिलेलं असतं. गुणाकार करा. हिवाळ्यात बिल किती वाढेल, ते दुकानदाराला विचारायची गरज उरणार नाही.

२. चार साधने

विजेचा रॉड. हा सर्वांत स्वस्त आहे, पण सर्वांत धोक्याचाही आहे. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर वीज ओढतो. घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. म्हणून रॉडला मोठा, १६ अँपिअरचा प्लग पाहिजे. आधी रॉड पाण्यात ठेवावा, मग बटण दाबावे. पाणी तापले की आधी बटण बंद, मग प्लग काढावा आणि त्यानंतरच बादलीला हात लावावा. पाणी तापलं का, हे चालू रॉडच्या बादलीत बोट घालून कधीही पाहू नये. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत धोका जास्त. लेकरं खेळतात तिथे रॉड लावूच नये.

एखाद्याला झटका बसलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करा.

विजेचा गिझर. याच्या टाकीवर जाड वेष्टण असतं, त्यामुळे पाणी काही वेळ ऊन राहतं. १५ लिटरची टाकी आणि २००० वॉटचं यंत्र असेल, तर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर यायला वीस-बावीस मिनिटे लागतात. घेताना दोन खुणा वाचा. एक आय.एस.आय.ची खूण. तिच्या वर आय.एस. २०८२ हा आकडा असतो आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. दुसरी खूण ताऱ्यांची पट्टी. तारे जास्त, तर वीज कमी वाया जाते. नुसती खूण आहे आणि क्रमांक नाही, असा माल घेऊ नये. हा क्रमांक खरा की खोटा, हे मोबाइलमधल्या बीआयएस केअर या सोयीवर पाहता येते. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत पाहून देईल.

गिझरला अर्थिंग पाहिजेच. अर्थिंग म्हणजे फुटलेल्या विजेला जमिनीत जायची वाट. ही वाट नसेल तर वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे. त्याशिवाय मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. वीज गळू लागली की तो क्षणात पडतो आणि जीव वाचतो.

गॅसचा गिझर. वीज गेली तरी हा पाणी देतो. पण यात एक मोठा धोका आहे आणि तो दिसत नाही. बंद न्हाणीत गॅस जळू लागला की तो आतली हवा खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या विषारी वायूला रंगही नाही आणि वासही नाही. आंघोळ करणाऱ्याला गरगरते, डोके दुखते आणि हाक मारायच्या आत तो कोसळतो. असे बळी आपल्या राज्यात वारंवार गेले आहेत.

म्हणून गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त पाण्याची नळी आत न्यावी. 'खिडकी आहे ना, मग चालतं' असे बसवणारा म्हणाला, तर त्याला तिथूनच परत पाठवा. थंडीच्या दिवसांत लोक खिडकी लावूनच आंघोळ करतात. गॅसची ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली, तर गिझर बंद करून दुरुस्ती करून घ्यावी. कोणी न्हाणीत पडलेला आढळला, तर दार उघडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकाला फोन करा.

उन्हावरचा सोलर. याला सरपण नको, वीज नको. पाणी तापले की हलके होते आणि वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली येते. एवढ्याच निसर्गनियमावर हा चालतो. याचे दोन प्रकार आहेत. एकात तांब्याच्या नळ्यांची सपाट पेटी असते. दुसऱ्यात काचेच्या दुहेरी नळ्या असतात आणि दोन काचांमधली हवा काढलेली असते. थर्मासमध्ये चहा गरम राहतो, तीच ही युक्ती.

पाच माणसांच्या घराला १०० लिटरचा सोलर पुरतो. कसा, ते पाहा. चांगल्या उन्हात त्यातलं पाणी ६० अंशांपर्यंत तापतं. त्यात तेवढंच गार विसण घातलं की आंघोळीचं पाणी तयार होतं. म्हणजे १०० लिटरचे २०० लिटर, म्हणजे दहा बादल्या झाल्या. मग विनाकारण २०० लिटरचा घेऊन पैसा का घालवावा? मात्र पावसाळी आणि ढगाळ दिवसांत सोलर कमी पडतो. त्या दिवसांसाठी घरात दुसरी साधी सोय ठेवावी.

सोलरचं पाणी कधी कधी फार कढत येतं. लेकरांसाठी बादलीत आधी गार पाणी घ्यावं, मग ऊन पाणी सोडावं.

३. आपले पाणी आणि आपले छप्पर

आपला भाग काळ्या खडकाचा. बोअरचं पाणी बहुधा क्षाराचं असतं. साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाला चुन्यासारखा पांढरा थर धरतो. तोच थर गिझरच्या पोटात आणि सोलरच्या नळ्यांत धरतो. गिझरची कांडी जळते. सोलरच्या तांब्याच्या बारीक नळ्या बुजतात.

म्हणून घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. कागदावर 'कठीणपणा' असा शब्द असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असावा, दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतो, असे मानक आहे. पाणी फार क्षाराचं असेल तर काचेच्या रुंद नळ्यांचा सोलर बरा, कारण त्या नळ्या काढून धुता येतात. गिझर असेल तर तो दरवर्षी उघडून साफ करून घ्यावा आणि आतला मॅग्नेशियमचा दांडा तपासावा. तो दांडा स्वतः झिजतो आणि टाकीला गंज लागू देत नाही.

आता छप्पर पाहा. १०० लिटर पाण्याचं वजनच एक क्विंटल. वर टाकी, लोखंडी घोडी आणि काचा वेगळ्या. माळवदावर किंवा पत्र्यावर हे ओझं नुसतं ठेवू नये. भिंतीवर किंवा खांबावर भार येईल अशी जागा पाहावी. वैशाखातली वावटळ ध्यानात घेऊन घोडीचे पाय पक्के जखडावेत.

सोलरचं तोंड दक्षिणेला असावं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि खाली राहतो. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. दक्षिणेला शेजाऱ्याची माडी किंवा लिंबाचं झाड असेल, तर उन्हाळ्यात न येणारी सावली हिवाळ्यात सोलरवर येईल. जागा ठरवताना हे पाहावे.

गारपीट आपल्याला नवी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात तिने मराठवाड्याची उभी पिकं झोडपली. गारांनी काचेची नळी फुटू शकते, वानरांच्या उड्यांनीही फुटते. एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी वाहून जातं. सुटी नळी कुठे मिळते, हे आधीच विचारून ठेवावे. आणखी एक गोष्ट. नळाला पाणी नाही म्हणून सोलर दुपारी कोरडा पडला, तर लगेच त्यात गार पाणी सोडू नये. तापलेली काच तडकते. ऊन उतरल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीच पाणी भरावे.

४. बसवणारा माणूस पारखा

आपल्या जिल्ह्यात हळद पुष्कळ पिकते. हळद शिजवायला कुकरवाला बोलावताना आपण काय विचारतो? एका वेळेला किती हळद शिजते, सरपण कोणाचं, मजुरी कशी, याआधी कोणाकडे शिजवली. त्या शेतकऱ्याला भेटून मग ठरवतो. कारण हळद कच्ची राहिली किंवा जास्त शिजली, तर वर्षाची मेहनत जाते. हीच चौकशी इथे करा. चांगली वस्तू वाईट माणसाने बसवली, तर ती वाईटच चालते.

त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे काम केले, अशा दोन घरांची नावे मागा. नव्या घरांची नकोत, नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. त्या घरी जाऊन एकच गोष्ट विचारा : 'बिघाड झाल्यावर तो आला का?' विजेचं काम असेल तर वायरमनचा परवाना पाहायला मागा. खरा कारागीर परवाना दाखवताना रागावत नाही.

समजा, औंढ्याकडच्या एका गावात सोलर बसवायचा आहे. घरच्या मावशी यंदाच लिहा-वाचायला शिकल्या आहेत. बसवणारा मुलगा ओळखीचा आहे. त्यांचं बोलणं ऐका.

"मावशी, शंभर लिटरचा बसवून टाकू. एकदम भारी माल हाय."

"बसव बाबा. पण आधी सांग, पाण्याची टाकी कुठं अन् सोलर कुठं?"

"टाकी हाय तिथंच राहू द्या. सोलर बाजूला ठेवू."

"टाकी खाली अन् सोलर वर, मग त्याच्यात पाणी चढंल कसं?"

"बरोबर हाय मावशी. टाकीला ओटा बांधावा लागंल."

"मग त्या ओट्याचा खर्च तुझ्या कागदावर का नाही?"

"लिहितो."

"अन् नळ्या कोणत्या लावणार?"

"ह्या साध्या पांढऱ्या. स्वस्त पडतात."

"साधी नळी ऊन पाण्यानं वाकती. ऊन पाण्याची सीपीव्हीसी नळी लिही. वरून गरम कपडा घातल्यावानी वेष्टण बी लिही."

"लिहितो, मावशी."

"काच फुटली तर?"

"फोन करा. नांदेडहून माणूस येतो."

"किती दिवसांत? अन् येण्याजाण्याचे पैसे कोणाचे? तेबी लिही."

या मावशींनी भांडण केले नाही, आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त विचारले आणि लिहून घेतले. बसवणाऱ्यालाही कळले की या घरी काम नीट करावे लागेल.

मावशींच्या दोन गोष्टी सर्वांनी शिकण्यासारख्या आहेत. गार पाण्याच्या टाकीचं बूड सोलरच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे. आणि नळी शक्य तेवढी आखूड पाहिजे. अर्ध्या इंची नळीत २० मीटरमागे सुमारे अडीच लिटर पाणी मावतं. तेवढं गार पाणी आधी निघेल, मग ऊन पाणी येईल. ते गार पाणी फेकू नये, बादलीत धरावे. सोलरच्या टाकीवर वाफेसाठी एक उघडी नळी असते. ती कोणी बंद करू नये, नाहीतर टाकी फुटते किंवा दबते.

५. कागद जपून ठेवा

कामाआधी खर्चाचा कागद घ्यावा. त्यावर यंत्र, घोडी, नळ्या, ओटा, गाडीभाडे आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी. इसार थोडा द्यावा. सर्व पैसे काम पाहिल्यावर द्यावेत. सोलर असेल तर दोन-तीन दिवस सकाळी पाणी पाहून शेवटची रक्कम द्यावी.

बिल पक्केच घ्यावे. 'बिल नको, स्वस्तात देतो' असे कोणी म्हणाले, तर तो तुमची तक्रार करायची वाट बंद करतो आहे, असे समजा. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि यंत्रावरचा क्रमांक दुकानातच भरून घ्यावा. टाकीची हमी किती वर्षे आणि आतल्या कांडीची किती वर्षे, हे वेगवेगळे वाचावे. मोठ्या अक्षरात जी वर्षे असतात, ती बहुधा टाकीची असतात. क्षाराच्या पाण्याने बिघाड झाला तर हमी नाही, असे बारीक अक्षरात लिहिलेले आहे का, तेही पाहावे.

'सरकारी अनुदान मिळवून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर सावध राहा. पाणी तापवायच्या सोलरला केंद्र सरकार पूर्वी मदत देत असे. ती २०१४ साली बंद झाली. २०२४ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना छपरावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवण्यासाठी नाही. दोन्हींना लोक सोलरच म्हणतात आणि त्यातच फसगत होते.

इतके करूनही कोणी फसवले, तर गप्प बसू नका. १९१५ या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण तिथे तोंडी बोलणे चालत नाही, बिल आणि हमीपत्र लागते.

ऊन पाणी मिळावे, पण त्यासाठी कोणाचा जीव जाऊ नये आणि घामाचा पैसाही जाऊ नये. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. पट्टी वाचावी, प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे.

अभ्यास

१. तुमच्या घरी रोज किती बादल्या ऊन पाणी लागते? त्याला महिन्याला किती युनिट वीज लागेल?

२. गॅसचा गिझर बंद न्हाणीत का बसवू नये? घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

३. घरातल्या रॉडवर किंवा गिझरवर आय.एस.आय.ची खूण शोधा. 'सीएम/एल' पुढचा क्रमांक वहीत उतरवा.

४. बसवणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहा.

शब्दांचे अर्थ

विसण – ऊन पाण्यात घालायचे गार पाणी.
इसार – काम ठरवताना आधी दिलेली थोडी रक्कम.
हमीपत्र – ठरलेल्या मुदतीत बिघाड झाल्यास दुरुस्त करून देण्याचा लेखी शब्द.
कठीणपणा – पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे येणारा जडपणा.